साहेबांची पत्रिका

दादाच्या टीव्हीशेजारी एक लग्नपत्रिका अजून पडून आहे. पाकिटाला हळदकुंकू लावलेलं, नावाची जागा मात्र कोरी. लेकीच्या साहेबांना पत्रिका हातात नेऊन द्यायची, ही माझ्या थोरल्या भावाची रीत. पण मुग्धाचा साहेब कोण? ती साताऱ्यात घरी बसून डेन्मार्कच्या कंपनीचं काम करते आणि नियुक्तीपत्र पुण्याच्या भलत्याच कंपनीचं. डेन्मार्कवाल्यांचं इथं ऑफिस नाही, म्हणून कायद्यापुरता हा मधला मालक.

पत्रिका द्यायला आणि लग्नाच्या रजेचं विचारायला दादा एसटीनं पुण्याला गेला. ऑफिसात एवढा गारठा, की त्याच्या मिशीवर दव साचलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, आम्ही कागदावरचे मालक. रजा डेन्मार्कवाले देतात."

मुग्धानं डेन्मार्कला विचारलं. उत्तर आलं, रजा तुमचा कायदेशीर मालक देईल.

अरे, दुसऱ्याच्या रानात घुसलेल्या रेड्याचाही धनी गावात सापडतो, त्याला चार शिव्या घालता येतात! माझ्या पुतणीला दोन-दोन धनी, आणि "जा पोरी, लग्न करून ये" म्हणायला एकाचंही तोंड उघडेना?

रजा आलीच नाही. हळद लागली तीही मांडीवर लॅपटॉप घेऊन. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं, तेव्हा कुठे तिनं त्याचं झाकण मिटलं. त्याची बटणं अजून पिवळी आहेत.

काल मी म्हटलं, "दादा, टाक की आता ती पत्रिका."

"राहू दे," दादा म्हणाला. "मालक सापडला, की देऊ."