बैलांची साक्ष

चहा हातात हाय तंवर सांगून टाकतो. न्हाईतर ह्यो सखाराम सांगंल, आन त्यो लई तिखटमीठ लावतो. माजी फजिती माज्याच तोंडानं ऐका, म्हंजी जरा सवस्तात पडंल!

दुस्काळाचं साल. आमच्या कर्जतच्या बाजूला जनावरांची छावनी हुती. साऱ्या गावाची गुरं तिथंच. मी दुस्काळी कामावर खडी फोडाया, आन आमची मंडळी छावनीत बैलांपाशी. सा म्हैने असंच चाललं.

मंग एकदाचा पाऊस झाला. रानाला वापसा आला. शेजाऱ्यानं पाभर दिली, पन एकाच दिसापुरती, म्हनला, "उद्याच्याला पेरून घे, परवा मला लागती." म्हंजी बैल आज सांजच्या आत घरी पायजेत. न्हाई आले तर पेरनी गेलीच म्हना!

छावनीत गेलो, हिला बरूबर घेतलं आन फाटकाव आलो, तर काय? रांग! कसली रांग, मारुतीचं शेपूट!

आदल्या आठवड्यात कुनीतरी दुसऱ्याची म्हस सोडून नेली हुती. तवापासून तिथला कारकून टेबल टाकून फाटकात बसल्याला. पावती दाव. बैलाच्या गळ्यातला बिल्ला दाव. अंगठा दे. दोन साक्षीदार आन. आन साक्षीदार आला की त्यालाच इचारायचा, "तू कोन?" आता साक्षीदाराला साक्षीदार कुठनं आनायचा, सांगा की!

दोन तासांत पाच जनावरं सुटली. पाच! ऊन कलाया लागलं. माजं डोस्कं फिरलं.

ही हळूच म्हनली, "अवं, मी पुढं हू का? भाऊसाहेब मला वळखत्यात."

"गप ऱ्हा!" मी म्हनलो. "मालक मी हाय का तू?"

आन मी रांग मोडून थेट टेबलापाशी.

"भाऊसाहेब, हे काय लावलंय? कागुद काय बोलतो? कागुद कुनाचाबी चोरता येतो!"

"मंग काय करू, बाबा?" कारकून घाम पुसत म्हनला. "उद्या कुनाचा बैल गेला तर माजी नोकरी जाईल. वळख पटाया नको?"

"आवो, वळख जनावराला इचारा की! सोडा त्याला मोकळं त्या लिंबाखाली. मालकानं हितनं, फाटकातनं हाक मारायची. हातात चारा न्हाई, काय न्हाई. आलं पळत तर त्याचं. न्हाई आलं तर चोर! मुकं जनावर खोटं बोलत न्हाई!"

रांगंतनं सखाराम वरडला, "नाना बोलला लाखाचं!"

कारकुनानं इचार केला. त्याचंबी बूड दुखत आसंल. म्हनला, "बगू. आन सखाराम, तूच पयला."

सखारामाची गाय मोकळी केली. ह्यानं "ये गं कपिले" म्हनायचा अवकाश, गाय आली आन ह्याचं मुंडासंच चाटाया लागली! मंग एका म्हातारीची म्हस. मंग कुनाचा तरी गोऱ्हा. धडाधड रांग सरकाया लागली. लोकं माज्या पाठीव थाप मारत्यात, "नाना, तुला मामलेदार करायला पायजे!" मी मिशीला पीळ दिला. खरं सांगतो, त्या घडीला मला वाटलं, सरकार माज्यावाचून आडलंय.

आली माजी पाळी.

हरन्या आन पाखऱ्या लिंबाखाली हुबे. मी छाती फुगिवली, "हरन्याऽऽ! पाखऱ्याऽऽ!"

दोघांनी कान टवकारले. माज्याकडं बघितलं. आन चार पावलं मागं सरकले!

"आरं हरन्या! इकडं ये म्हनतो ना!"

हरन्या लिंबाच्या बुंध्याआड गेला. एवढा थोरला बैल, आन बुंध्याआड त्वांड लपिवतो!

रांगंत खसखस पिकली. सखाराम म्हनला, "नाना, आसूड दाव त्यास्नी. तेवढीच तुजी वळख हाय!"

खोटं कसं म्हनू? सा म्हैन्यांत सुट्टीला गेलो तवा एक हाक आन दोन फटके, एवढंच मी दिल्यालं.

"भाऊसाहेब, बैल माजेच हाईत!" मी टेबलाव हात आपटला.

"आसतील की," कारकून शांतपनी म्हनला. "पन पद्धत तुमचीच. न्हाई आलं तर काय म्हनला हुता तुमी? पायजे तर जुन्या रीतीनं करू. दोन साक्षीदार आना, आन रांगंच्या शेवटाला हुबं ऱ्हावा."

शेवटाला! दीस बुडाया आल्ता. उद्याची पाभर डोळ्यांम्होरं नाचाया लागली. मी मागं वळून हिच्याकडं बघितलं. कळलं तिला.

ती म्होरं झाली. वरडलीबी न्हाई. घरात बोलतो तसं म्हनली, "या रं लेकरांनो, चला घरी."

अगागागा! दोघं आशे सुटले, की कारकुनाचं टेबल उलथंपालथं व्हता व्हता वाचलं!

"ही पटली वळख!" कारकुनानं वही वढली, मालकाच्या जागी हिचं नाव घातलं. मंग माज्याकडं बोट करून इचारलं, "बाई, ह्यो कोन? जनावरासंगं जानाऱ्याचं नाव लिवावं लागतं. सांगा."

आता आली का पंचाईत! आमच्यातली बाई नवऱ्याचं नाव घील व्हय? तेबी एवढ्या गड्यांम्होरं? हिनं पदर तोंडाला लावला.

"मी सांगतो की माजं नाव!" मी वरडलो.

"तुमचं कोन धरतंय?" कारकून म्हनला. "तुमास्नी वळखनारं कुनी हाय का हितं?"

सखाराम आभाळाकडं बघाया लागला. बैल तर माज्याकडं पाठच करून हुबे!

शेवटाला हीच खाली मान घालून म्हनली, "भाऊसाहेब, सोडा ह्यास्नीबी. घरापत्तर येतील मागनं."

पेरनी दुसऱ्या दिशी वेळंवर झाली, बरं का. पन कारकुनानं फाटकाव लिवून दिल्याली चिठ्ठी हिनं अजून ट्रंकंत जपून ठिवलीया. मी आवाज चढिवला की काढती आन धाकट्या लेकीला मोठ्यांदा वाचाया लावती: "बैल दोन. सोबत इसम एक, ओळख पटली नाही."