ओळीआधीचा श्वास

कात्सुएच्या डोक्यातून एक गोष्ट काही केल्या जाईना. शिहो गाण्याच्या प्रत्येक ओळीआधी असा श्वास का घेते? दात मिटून, हवा ओढून घेतल्यासारखा, आणि शेवटी एक बारीकशी शिट्टी.

ही शिट्टी दुसऱ्या कुणाला ऐकू येत नव्हती, किंवा येत असली तरी आवडत होती. लेकीचा दुसरा अल्बम, 'मिठाचे जिने', तीन आठवड्यांत सहा लाख खपला होता. पहिल्याची गत अशी होती, की शिमिझू गावातल्या सीडीच्या दुकानात आलेल्या दहा प्रतींपैकी सात कात्सुएनेच तोंडाला मास्क लावून, वेगवेगळ्या दिवशी जाऊन विकत घेतल्या होत्या. आता त्याच दुकानाच्या काचेवर गिटार घेतलेली माणसाएवढी शिहो उभी होती. एका मासिकात तर कुणीसं लिहिलं होतं, की श्वास हेच या मुलीचं खरं वाद्य आहे. कात्सुएने ते वाक्य तीनदा वाचलं आणि मासिक पालथं घातलं.

बंदराजवळच्या डबाबंद मासळीच्या कारखान्यात ती अठ्ठावीस वर्षं एकच काम करत आली होती. हातात टोकाला गोळी असलेली बारीक सळई, समोर ट्यूनाच्या डब्यांची रांग. प्रत्येक डब्यावर एक टिचकी. नीट बंद झालेला डबा खणखणीत बोलतो, हवा शिरलेला भद्द वाजतो. कामाला लागली तेव्हा पहिले सहा महिने तिला नुसतं ऐकायला बसवलं होतं. पुढे यंत्रं आली, बाकीच्या बायका घरी गेल्या. कात्सुए आणि तोमिको तेवढ्या राहिल्या. शंका आली की डबा बाजूला, मग आत काहीही असो. ही सवय तिने घरीही आणली होती. कलिंगड, कढई, नवऱ्याच्या सबबी, काहीच तिच्या तपासणीतून सुटत नसे.

आणि शिहोला लहानपणी दमा होता. शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत मुलींना कळू नये म्हणून ती दात मिटून श्वास ओढायची. बाईंना कधी कळलं नाही. कात्सुएला मैदानाच्या कडेवरून कळायचं.

"माझी नात काल कराओकेत तुझ्या लेकीचंच गाणं म्हणत होती," जेवणाच्या सुट्टीत तोमिको म्हणाली. "दर ओळीआधी श्श्श करून ओढते. म्हटलं, बाई गं, सायकल पंक्चर झाली की काय?"

"पहिल्या अल्बमात असं नाहीये."

"मग शिकली असेल. टोकियोत काय काय शिकवतात."

"श्वास घ्यायला शिकवतात?"

"तुला ना, कात्सुए, देवाने डब्यातून वरदान पाठवलं तरी तू आधी टिचकी मारून बघशील."

कात्सुए हसली, पण उरलेला भात तिने तसाच झाकून ठेवला.

शिवाय ते फॅक्स. पूर्वी शिहो दर रविवारी फोन करायची. अल्बम आल्यापासून फॅक्स येऊ लागले. 'आई, फार धावपळ आहे. मजेत आहे. संत्री पोचली.' खाली मांजराचं चित्र, मिशांसकट. धावपळीतलं माणूस दोन मिनिटं बोलून मोकळं होईल, की बसून मांजराच्या मिशा काढील? येत्या शनिवारपासून दौरा सुरू होणार होता. एकतीस गावं.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला समोर बसवलं. आधी पहिला अल्बम लावला, मग दुसरा.

"अहो, फरक कळतो?"

"स्टाइल आहे गं ती," संत्रं सोलता सोलता तामोत्सु म्हणाला.

"हा शब्द तुम्ही कधीपासून वापरायला लागलात?"

"न्हावी आहे मी. दिवसातून वीस वेळा वापरतो."

उत्तर चोख होतं. पण एरवी संत्र्याची साल फुलासारखी अखंड काढणारा हा माणूस आज तिचे बारीक बारीक तुकडे करत होता. कात्सुएने गाणं बंद केलं.

"ती तुमच्याशी बोललीय."

"कोण?"

"कोण म्हणून विचारलंत, म्हणजे बोललीच."

तामोत्सुने संत्रं खाली ठेवलं. "दुकानावर फोन आला होता. दोनदा. आडवं पडलं की धाप लागते म्हणाली, बसूनच झोपते. औषध चालू आहे. कंपनीत कुणाला सांगितलेलं नाही. दौरा संपला की सांगेन म्हणाली. तोवर आईला फोनवर घेऊ नका, तिला नुसतं ऐकून कळेल."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"पोरगी रडत होती गं. पहिला अल्बम पडल्यावर दुसरी संधी देताना त्यांनी तिला काय काय ऐकवलं, ठाऊक आहे ना? आता आपल्यामुळे दौरा थांबला, तर ती या घराचा उंबरा चढणार नाही."

हे खोटं नव्हतं, आणि कात्सुएला तेच बोचलं. आपला संशय खरा ठरल्याचं तिला जराही समाधान वाटलं नाही. शिहोला फोन लावावा, तर ती श्वास रोखून 'मजेत' म्हणेल आणि ठेवून देईल. मग तिला कुसेसाहेब आठवले, शिहोचं काम बघणारे. तीन वर्षांपूर्वी परवानगी मागायला घरी आले होते. तातामीच्या चटईवर डोकं टेकून म्हणाले होते, मुलीची जबाबदारी आमची. कात्सुएचा तेव्हाही त्यांच्यावर विश्वास बसला नव्हता. ते गेल्यावर शिहोने तिच्याकडून वचन घेतलं होतं, की ऑफिसात कधीही फोन करायचा नाही, लोक हसतील.

तिने खणातून त्यांचं कार्ड काढलं. पावणेसात वाजले होते, ऑफिस उघडं असणार.

"आणि ती बोलायचीच थांबली तर?" तामोत्सुने विचारलं.

"थांबू दे. शनिवारी ती स्टेजवर उभी राहायला नको."

आधी शिहोचा दमा परत आल्याचं सांगायचं, मग कुठल्या डॉक्टरांना दाखवणार ते विचारायचं, असं तिने ठरवलं. चष्मा लावला, कार्ड दिव्याखाली धरलं आणि रिसीव्हर उचलला.