दादाचे सासरे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

सरकारने जनतेचं मत विचारलं आणि जनता गप्प बसली, असं आपल्या देशात पुष्कळदा होतं. पण भिवंडीपुरतं बोलायचं तर ते एकदाही झालेलं नाही, कारण भिवंडीत माझ्या दादाचे सासरे राहतात. ‘मसुद्यावर हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ ही बारीक टायपातली ओळ ज्या कागदावर असते त्या कागदावर आपण भजी ठेवून मोकळे होतो. हा माणूस, म्हणजे आमचे काका, ती भिंग लावून वाचतो. मासेमारीच्या जाळ्याची भोकं असोत, फटाक्यांचा आवाज असो की लिफ्टची देखभाल, काकांची सूचना मुदतीत जाणारच. कोणी हसलं तर म्हणतात, “सरकारनं आपनहून विचारलंय. दारात आलेल्या माणसानं पाणी मागितलं तर तोंड फिरवता का तुम्ही?” उत्तरादाखल सरकारी संगणकाकडून एका ओळीची पोच येते, ‘आपली सूचना प्राप्त झाली आहे.’ ती ते मोठ्याने वाचतात आणि छापून फायलीला लावतात. त्यांना नियमाने येणारं पत्र म्हणाल तर हे एवढंच.

काका कारखान्यांचे सुरक्षा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. जन्म कशेळीचा, खाडीकाठचा. नोकरी सगळी नारपोलीच्या लूमच्या गल्ल्यांतून. यंत्रमागावर सूत नेणारा लाकडी धोटा इकडून तिकडे धावत असतो, तो कधीतरी सुटतो आणि बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. समोरच्या कामगाराच्या डोळ्यात तो जाऊ नये म्हणून जाळी असावी लागते. ती जाळी आहे की नाही हे बघण्यात काकांचं आयुष्य गेलं, आणि त्या खडखडाटात कान अर्धे गेले. निवृत्त झाल्यावर तपासायला कारखाने उरले नाहीत, म्हणून त्यांनी उरलेलं जग तपासायला घेतलं. स्वतःच्या मुलीच्या लग्नात मांडवाला एकच दार आहे हे त्यांच्या ऐन वेळी लक्षात आलं. त्यांनी पाठीमागचा सॅटिनचा पडदा कात्रीने उभा फाडला, आचाऱ्याचे सिलिंडर मोकळ्या जागेत हलवले आणि मगच अंतरपाट धरू दिला. भटजी ‘शुभमंगल सावधान’ म्हणाले तेव्हा त्या मांडवात खरोखर सावधान असलेला एकच इसम होता, आणि तो छताकडे बघत होता.

घरातही भिंतींवर नियम चिकटवलेले. मोरीपाशी, बटणापाशी, खिडकीपाशी. शेगडीच्या वर ‘दूध तापत असता जागा सोडू नये’ असं टाइप केलेलं आहे आणि त्याखाली पेन्सिलीने, काकूंच्या अक्षरात, ‘बरं’. काकू जाऊन सहा वर्षं झाली. तिथली भिंत काकांनी रंगवू दिलेली नाही.

दादा-वहिनी नोकरीसाठी बंगळूरला गेले तेव्हा काकांनाही घेऊन गेले होते. तिसऱ्या आठवड्यात काका परत आले. तिथल्या सोसायटीतल्या लिफ्टचा दाखला कुठेच का लावलेला नाही हे त्यांनी सेक्रेटरीला लेखी विचारलं, सेक्रेटरीने वहिनीला विचारलं, आणि वहिनी नुसती म्हणाली, “बाबा, इथे कोणी असं विचारत नाही हो.” एवढंच. काकांनी बॅग भरली. तेव्हापासून शनिवार-रविवार त्यांच्याकडे डोकवायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत शिकवते, आणि सुट्टीच्या दिवशी माझीही कोणी वाट बघत नसतं, त्यामुळे ते काम मला जड नव्हतं.

तर एका रविवारी मी गेले तेव्हा टीव्हीवर चार चौकटींत चार माणसं भांडत होती. एआयला कायद्याने लगाम घालावा की नाही, यावर. एक म्हणत होता, आत्ता आवरलं नाही तर गेलो. दुसरा म्हणत होता, आत्ता आवरलं तर जग पुढे जाईल आणि आपण मागे राहू. काकांनी टीव्ही बंद केला. “एआय म्हणे! ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ म्हणायला जीभ जड होते यांची. ज्याचं नाव धड घेता येत न्हाय त्याला कायदा काय लावणार हे?” आणि मग वर्तमानपत्राची घडी पुढे केली. त्यात ती ओळ होती. हरकती व सूचना.

काकांनी लगेच मुलीला फोन लावला, कारण वहिनी एआयचीच कामं करणाऱ्या एका कंपनीत आहे. स्पीकर लावून बोलायचं, म्हणजे तिकडचं नीट ऐकू येतं आणि इकडचं सगळ्या इमारतीला.

“बाबा, आत्ताच नियम नकोत,” वहिनी म्हणाली. “मोठ्या कंपन्यांकडे वकिलांची फौज असते. त्या फॉर्म भरतील. आमच्यासारख्या लहान कंपन्या फॉर्म भरता भरताच मरतील. रोप वर यायच्या आधीच खुरपं घालायचं का?”

“धोट्याला जाळी लावली म्हणून भिवंडीत कापड विणायचं थांबलं का?”

“तुमची पाठ वळली की त्या जाळ्या काढून ठेवायचे. तुम्हीच सांगायचात.”

काकांनी वर्तमानपत्राची घडी पुन्हा घातली. मग वहिनीने “जेवलात का?” विचारलं. ते “जेवलो” म्हणाले. जेवले नव्हते, भात शेगडीवरच होता. फोन ठेवल्यावर म्हणाले, “पोरगी खोटं न्हाय बोलत,” आणि कधी नव्हे ते त्यांनी सूचनेचा कागद कोराच ठेवला.

तो कोराच राहिला असता, पण मध्ये शबाना आली. शबाना खालच्या मजल्यावर राहते, भिवंडीजवळच पूर्ण्याच्या एका गोदामात पॅकिंग करते. रोज सकाळी ड्युटीवर निघताना जिन्याखालून ओरडायची, “चाचा, गॅस बंद?” आणि वरून काका सुरक्षा खात्याच्या आवाजात उत्तर द्यायचे, “बंद!” हा नियम आपण इमारतीला लावला असं काका सांगत. मला आपलं वाटायचं की म्हातारा उठला की नाही हे बघायची ती शबानाची रीत होती. त्या आठवड्यात दोन सकाळी हाक आली नाही. तिसऱ्या दिवशी काका स्वतः खाली उतरले. शबाना दारातच बसली होती.

“चाचा, मशीन बोलता है मैं सोती हूँ.”

गोदामात नवे कॅमेरे आले होते. ते चेहरे बघून ठरवतात, कोण काम करतं, कोण डुलक्या घेतं. शबानाच्या डाव्या डोळ्याची पापणी जन्मापासून अर्धी उतरलेली. कॅमेऱ्याने तिला तीन दिवस झोपलेली ठरवलं आणि चौथ्या दिवशी गेटवर तिच्या कार्डाला लाल दिवा लागला. घरात नवरा दम्याने बसलेला, मुलगी दहावीला.

शनिवारी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मुदत संपलेलं निरीक्षकाचं ओळखपत्र खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, “बाय, चल. पंच म्हणून.” आम्ही तिघं रिक्षाने पूर्ण्याला गेलो. कंटेनरच्या रांगेतून वाट काढत गेटपाशी पोचलो तर वॉचमन म्हणाला, “किससे मिलना है?” काका म्हणाले, “जिसने इसको बंद किया उससे.” तो बिचारा वहीत तसं नाव शोधायला लागला. शेवटी त्याने सुपरवायझरला बोलावलं. चाळिशीचा, गळ्यात पट्टा, मऊ आवाजाचा माणूस.

“काका, मी नाही बंद केलं. सिस्टिमने केलं.”

“तुम्ही हिला झोपलेली पाहिलीत?”

“छे हो. ही तर माझ्या लाइनीत सगळ्यांत फास्ट आहे.”

“मग?”

“मग काय करू? लाल आलं ना.”

“साहब,” शबाना म्हणाली, “ये आँख जागते में आधी बंद रहती है, तो सोते में आधी खुली रहती है. उसका फोटो क्यों नहीं लेते?”

सुपरवायझरला हसू आलं आणि लाजही वाटली. काकांनी विचारलं, दाद कोणाकडे मागायची. तो म्हणाला, गोदाम एकाचं, माल दुसऱ्याचा, माणसं ठेकेदाराची, कॅमेरे बाहेरच्या कंपनीचे. लाल का आलं ते यांच्यापैकी कोणालाच दिसत नाही. काकांनी खिशावरचा हात काढला. ओळखपत्र दाखवायचं कोणाला, हा प्रश्न होता. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “लूमवर अपघात झाला की मी विचारायचो, मालक कोण? कोणीतरी पुढं यायचा. शिव्या देत का व्हयना, पण यायचा. हितं पुढं यायला माणूसच न्हाय, बाय.”

मग त्यांनी कोरा कागद काढून सुपरवायझरपुढे धरला. “तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच लिहून द्या.”

तो म्हणाला, “काका, माझ्यावरपण कॅमेरा आहे.” तरी कागद घेतला. मग वॉचमनच्या टेबलावर वाकून त्याने तीन ओळी लिहिल्या: सदर महिला माझ्यासमोर काम करत होती, ती जागी होती, तिची पापणी जन्मतः अशी आहे. खाली सही केली, आणि काकांनी न सांगता पूर्ण नावही लिहिलं.

रविवारी काकांनी वहिनीला सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, “पापणी किती उघडी म्हणजे माणूस जागा, याचा एक आकडा असतो, बाबा. कोणीतरी बसून तो ठरवतं. माणसाने तो निर्णय फिरवायचा तर त्यासाठी एक बटण ठेवावं लागतं. आमच्याकडेही पुष्कळदा नसतं. मुद्दाम नाही. ठेवा म्हणून कोणी सांगितलेलं नसतं.”

“मग कोणीतरी सांगाया पाहिजे,” काका म्हणाले. “कायदा म्हणजे दुसरं काय असतं?”

त्यानंतरचे पाच रविवार मी विसरणार नाही. बाप इकडून आणि लेक तिकडून मिळून सरकारला सूचना लिहीत होते आणि मी मध्ये बसून टाइप करत होते. काकांनी एक्केचाळीस कलमं काढली होती. वहिनी एकेक कलम कापायची आणि काका एकेक कलमासाठी लढायचे. “नियम थोडेच ठेवा, पण पाळता येतील असे,” ती म्हणायची. “आमच्या आठ माणसांच्या ऑफिसात एक्केचाळीस कलमं वाचायलाच नववा माणूस ठेवावा लागेल.” काकांना हे पटायचं नाही, पण अर्ध्या तासाने “बरं, तेविसावं काढ” म्हणायचे. सगळ्यांत मोठं भांडण झालं ते जिल्ह्याजिल्ह्यात निरीक्षक नेमण्याच्या कलमावरून. एक अख्खा रविवार त्यात गेला. पुढच्या रविवारी काकांनी आपणहून सांगितलं, “निरीक्षक काढून टाक. मी व्हतो की निरीक्षक.” वहिनी पटकन म्हणाली, “बाबा, मी त्या दिवशी जाळ्यांवरून तसं म्हणायला नको होतं. तुम्ही होतात म्हणून कितीतरी डोळे वाचले असतील. जे वाचले त्यांची फाइल होत नाही, एवढंच.” काकांनी कानाला हात लावून “काय म्हणतेस?” विचारलं. त्यांना ऐकू आलं होतं. तिने पुन्हा सांगितलं.

शेवटी तीन कलमं उरली. यंत्राने कोणाची रोजी थांबवली तर कारण त्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगावं. तो निर्णय फिरवण्याचा अधिकार जागेवरच्या एका माणसाला असावा. आणि त्या माणसाचं नाव दारावर लिहिलेलं असावं. तिसरं काकांचं. ते वहिनीने कापलं नाही. मुदतीच्या दोन दिवस आधी सूचना गेली आणि नेहमीची एका ओळीची पोच आली.

शबानाला कामावर परत घेतलं, पण कायद्याने नव्हे. सुपरवायझरने ठेकेदाराच्या मागे लागून तिला माल उतरवण्याच्या कामाला लावून घेतलं. तिथे कॅमेरा पोचत नाही आणि कार्डही लागत नाही. सिस्टिममध्ये ती अजून झोपलेलीच आहे. त्या कामाची शिफ्ट पहाटेची, त्यामुळे ती निघते तेव्हा काका उठलेले नसतात, आणि ती हाक मारत नाही.

परवाच्या रविवारी मी गेले तेव्हा काका फोन ठेवतच होते. फोन मिनिटभराचाच झाला असावा. मला म्हणाले, “जरा टाइप करायला बस.” मी बसले. त्यांनी सांगायला सुरुवात केली: महोदय, उपरोक्त विषयावर सूचना पाठवण्याची मुदत वाढवून मिळावी, ही विनंती.

“काका, आपली सूचना तर कधीच गेली. पोचसुद्धा आली.”

“मना ठाव हाय.”

“मग मुदत कशाला?”

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. “ती पाच रविवार तास-तास बोलायची. भांडायची, पण बोलायची. आज ‘जेवलात का’ म्हणाली. मी जेवलो म्हणालो. पुढं काय बोलावं ते तिलाबी सुचलं न्हाय आन् मनाबी न्हाय.”

मी कीबोर्डवर हात ठेवले. “कारण काय लिहू?” मी विचारलं.

काकांनी आपल्या शुद्ध, सरकारी मराठीत सांगितलं, “लिही. विषय मोठा असून चर्चा अपूर्ण राहिली आहे.”

मी तसंच लिहिलं आणि पाठवून दिलं.