पहिल्या बाकावरची

चोपन्नाव्या वर्षी मी एका बाईला उन्हात बसवलं आणि स्वतः आत पंख्याखाली चहा प्यायले, कारण चिठ्ठीत मला ‘मुकादम’ हे पद निघालं होतं. घरात नातवंडं, पण अक्कल अजून दुधाच्या दातांचीच.

जिला बसवलं, तिला आम्ही ‘पहिला बाक’ म्हणायचो. राहुरीला आम्हा बाहेरून बी.ए. करणाऱ्यांचे रविवारी वर्ग भरत. शिपाई कुलूप काढायच्या आधी ही पायरीवर हजर. तिशीची, काटकुळी, मूळची पाथर्डीकडची. देवळाली प्रवरात अंगणवाडीत मदतनीस आहे, एवढंच आम्हाला ठाऊक. पुढचाच बाक का, असं विचारलं तर म्हणाली, “मागं बसलं की लोकांच्या पाठीच दिसत्यात, आजी. पाठी लई बघितल्या.”

वहीत ती समास सोडायची नाही. मी चेष्टेनं म्हटलं, “अगं, कागदाला श्वास तर घेऊ दे.”

“आपुन राबायचं आन् त्येनं रिकामं बसायचं व्हय?”

नवऱ्यानं तिला आता आणखी एकच वर्ष दिलं होतं. “ठरलंय आमचं,” ती सांगायची, “औंदा पास, न्हाईतर वही बंद आन् त्येच्यासंगं जायचं.” कुठं जायचं, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

मानसशास्त्राचे सर हौशी. धडा होता, हातात सत्ता दिली की माणसांचा घोळका कसा वागतो. पुस्तकातल्या प्रयोगात कुणाला पहारेकरी नेमलेलं, कुणाला कैदी. सर म्हणाले, “तुरुंग कुणी बघितलाय? आपण ऊसतोडीची टोळी करू.” दोन रविवारचा खेळ. मी मुकादम, ती मजूर. आमच्या उसात दर हंगामाला टोळी यायची. मुकादम कसा खेकसतो, ते मी बांधावरून पाठ केलेलं. तासाभरात मी सगळ्या मजुरांची नावं काढून घेतली. नुसतं “ए कोयता”. पाणीसुद्धा मला विचारून. तिनं पदर कमरेला खोचला, मान खाली घातली आणि म्हणाली, “व्हय, मुकादम.” मी सगळ्यांदेखत शाबासकी दिली, “काय सोंग वठवतेस गं!” सर मागे बसून भराभर टिपून घेत होते.

दुसऱ्या रविवारी तिची मुलगी तापली होती, म्हणून ती उशिरा आली. मी म्हटलं, “दप्तर बाकावर ठेव आणि बाहेर भिंतीपाशी बस. मी सांगेपर्यंत हलायचं नाही.”

एकजण पुटपुटली, “जाऊ द्या की आजी.”

“तुलाही बसायचंय का तिच्या शेजारी?”

पुटपुटणारीनं वहीत डोकं घातलं. थोड्या वेळानं तर सगळे हसायलाही लागले.

दुपारी कारकून गृहपाठाच्या वह्या न्यायला आला. शेवटचा दिवस होता. वही नाही तर परीक्षा नाही. मला वाटलं, सर तिला हाक मारतील. सरांना वाटलं, मी मारीन. बाकीच्यांना वाटलं, मुकादमाच्या तोंडी कोण लागणार? वह्यांचा गठ्ठा मोटारसायकलवरून तिच्या समोरून गेला. चार वाजता मला आठवण झाली. सावली भिंतीवर चढली होती, ती तिथंच होती. तिची वही दप्तरात.

सोमवारी सर आणि मी कारकुनाचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. यादी पुढे गेली होती.

दिवाळीनंतर अंगणवाडीत चौकशी केली. सेविका म्हणाली, “ती व्हय? गेली नवऱ्यासंगं ऊस तोडायला. लग्नापासून तेच करीत हुती. मधी तीन वर्सं हितं थांबली, तेवढंच.”

मी ज्याला सोंग म्हणाले होते, ते तिचं जगणं होतं.

कोपरगावकडच्या एका कारखान्याच्या तळावर तिची कोपी, उसाच्या पाचटाची झोपडी, सापडली. तिनं मला बसायला पोतं अंथरलं, तीन दगडांवर चहा ठेवला. लेकरू कसं आहे विचारलं, तर “बरं हाय” म्हणाली. मला रडू आवरेना. म्हटलं, “उठून मला एक शिवी तरी द्यायचीस गं.”

चहा गाळता गाळता ती म्हणाली, “आजी, खऱ्या मुकादमाला मी भर फडात शिव्या देते. तुमाला न्हाई दिली. मला वाटलं, शिकायचं म्हंजी असंच आसंल.”