दहा मिनिटांचा लाल दिवा

जबड्याचा सांधा दुखतो म्हटलं की लोकांना हसू येतं. गुडघा दुखला तर खुर्ची पुढे करतात, कंबर दुखली तर मलम चोळून देतात. माझा जबडा दुखतो म्हटल्यावर हे म्हणाले, "मग दोन दिवस गप्प बस की." नणंद पारोळ्याहून आली होती. तिला हे इतकं आवडलं की तिने शेजारीही जाऊन सांगितलं. त्या दोघांना मी अजून माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

कानापुढे बोट ठेवलं की आत कट्कन वाजायचं. जांभई द्यायची धास्ती. कळण्याच्या भाकरीचा घास चावला की कळ थेट कानशिलात. मी तुकडे वरणात भिजवून गिळायचे आणि समोर हे ठेचा लावून कडक पापुद्रा मोडत बसायचे. दातांचे डॉक्टर म्हणाले, "तुम्ही दिवसभर दात आवळून धरता." मी म्हटलं, आमच्या घरी एक दिवस राहून बघा.

दिवा लेकीने आणला. ती धुळ्याला फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती. डॉक्टरांनाही तिनेच विचारलं. ते म्हणाले, करून बघा, काहींना आराम पडतो, पण मऊ खाणं सोडू नका. वहीएवढी पाटी, तिच्यात बारीक लाल दिवे, सोबत डोळ्यांवर लावायला काळा चष्मा. जबड्याच्या एकेका बाजूला दहा मिनिटं. वेळ भरली की दिवा आपोआप विझतो आणि बारीक शिट्टी वाजते. तेवढा वेळ दात सुटे ठेवायचे आणि बोलायचं नाही, हा लेकीचा नियम.

यांनी पाटीपुढे हात धरून बघितला. "शेकच लागत नाही. कसला हा दिवा? त्यापेक्षा तव्यावर फडकं गरम कर." आमच्याकडे चटका बसल्याशिवाय औषध लागू पडलं असं कुणी मानतच नाही. नणंदेने तर बिब्बा लाव म्हणून सांगितलं, तोही गालाला! मी कुणाचं ऐकलं नाही. काही आठवड्यांनी जांभई पुरती देता यायला लागली. ते मी फक्त लेकीला सांगितलं. बाकीच्यांना कशाला सांगू? त्यांनी बरं वाटल्याचं सोंग केलेलं मला बघवलं नसतं.

मग लेकीला स्थळ आलं. आणलं माझ्या थोरल्या दिरांनी. त्यांना आम्ही नाना म्हणतो. नाना पारोळ्याला राहतात आणि जळगावात आमचं घर चालवतात. मुलगा चांगला होता, मी खोटं कशाला बोलू? पण मुलाकडच्यांना महिन्याभरात लग्न हवं होतं, आणि शिक्षणाचं काय विचारलं तर मुलाची आई म्हणाली, पुढचं पुढे बघू. या बघू-बघूत माझं स्वतःचं बीए गेलं आहे. लेक मला म्हणाली, "आई, फक्त वर्षभर थांबायला सांग. मी बोलले तर उद्धट ठरेन. तू बोलशील ना?" मी म्हटलं, बोलेन. तिचा हात हातात घेऊन म्हटलं.

आमच्या घरात सुपारी फोडण्याआधी आतल्या दाराकडे तोंड करून तीनदा विचारतात. बायका समोर येत नाहीत, पण कुणी आतून नाही म्हटलं तर सुपारी तशीच उचलून ठेवावी लागते. एकदा फुटली की शब्द मागे घेता येत नाही. माझ्याकडे एवढी एकच जागा होती.

पाहुणे चारला येणार होते. सव्वातीनला लेकीनेच मला आतल्या खोलीत झोपवलं. म्हणाली, दोन्ही बाजू करून घे, म्हणजे नीट बोलता येईल. दुसरी बाजू चालू होती तेव्हाच, चार वाजायच्या आधी, बाहेर पाहुण्यांची गाडी वाजली. नानांनाच घाई. चहा यायच्या आत पानसुपारीचं तबक पुढे आलं.

"बठ्ठा राजी शेतस ना? कोनं काही म्हननं शे का?" सगळे राजी ना, कुणाचं काही म्हणणं आहे का, हा नानांचा पहिला प्रश्न दारातून आला.

मी उठायला लागले. नणंदेने खांदा दाबला. "पडी राय वहिनी, मशीन चालू शे."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, असं मला वाटलं. पाच-सहा श्वास गेले असतील. नानांनी दुसऱ्यांदा विचारलं, आणि तेवढ्यात शिट्टी वाजली. दिवा विझला. नणंदेला त्या शिट्टीचा अर्थ माहीत नव्हता. तिने हात काढला आणि ती चहा बघायला गेली. खोलीत एक लेकच होती. डोळ्यांवर चष्मा असला तरी ती दाराशी उभी आहे हे मला कळत होतं. तिच्या नव्या साडीची सळसळ थांबली होती.

आता मला कुणीही धरलेलं नव्हतं. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि नाना खाकरले. पंचवीस वर्षं त्या खाकरण्याला मी डोक्यावर पदर घेत आले. मी विझलेल्या पाटीखाली पडून राहिले. नानांना, नणंदेला, यांना कितीही शिव्या घातल्या तरी ही गोष्ट माझी एकटीची आहे.

नानांनी तिसऱ्यांदा विचारलं. मग अडकित्ता वाजला आणि बाहेर सगळे एकदम बोलायला लागले.

लेक जवळ आली. तिने पाटी बाजूला केली, माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, घडी करून डबीत ठेवला. मग दोन बोटं माझ्या कानापुढे ठेवून, पेशंटला विचारतात तसं विचारलं, "दुखतंय?"

मी म्हटलं, "नाही."

त्या दुपारी मी तेवढंच बोलले, आणि ते खरं होतं.