थोरले जावई परिषदेहून लवकर परतले

थोरले जावई त्या झगमगाटी शहरातली परिषद अर्धवट टाकून परत आले ते एका नाचणारीच्या भानगडीमुळे, अशी कुजबुज बरेच दिवस चालली होती. कुणी म्हणे, तिनं हॉटेलच्या दारात तमाशा केला. कुणी म्हणे, ह्यांनीच केला. आता ज्या माणसाला स्वतःच्या लग्नात बायकोचा हात धरा म्हणून दोनदा सांगावं लागलं, त्याच्या वाट्याला नाचणारी कुठून यायची! पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

थोरल्यांचा धंदा म्हणजे दुकानांची नावं इंटरनेटच्या शोधात वर चढवणं. कुणाची दाढ दुखली आणि त्यानं फोनवर डॉक्टर शोधला, की ह्यांच्याच गिऱ्हाईकाचं नाव पहिलं दिसायला हवं. चपला, पडदे, कुलपं, सगळ्यांना त्यांनी वर नेलं. स्वतः मात्र जिन्याखालच्या ऑफिसात होते तिथंच राहिले.

धाकटा जावई, म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, हा धंदा ह्यांच्याच हाताखाली शिकला. मग दुसऱ्या शहरात गेला आणि कामातल्या युक्त्यांवर इंटरनेटवर लेख लिहू लागला. तेव्हापासून थोरल्यांच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर औषध नव्हतं. सकाळी तोंड धुवायच्या आधी ते फोन घेत, धाकट्याचा लेख शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि म्हणत, "भिकार!"

"मग वाचता कशाला?" बायको विचारी.

"किती भिकार लिहितो ते बघायला. आणि तरी हा वर जातोच कसा?"

"तुमची दृष्ट त्याला उलटी लागत असेल."

अशात बातमी आली, की सर्च मार्केटिंगच्या, म्हणजे ह्याच धंद्याच्या, मोठ्या परिषदेत धाकट्याचं भाषण आहे. थोरल्यांच्याच गावात राहणाऱ्या सासूबाई मुद्दाम घरी आल्या. "जावईबापू, तुम्हीही जा की. चार गोष्टी शिकायला मिळतील."

शिकायला! थोरल्यांनी, तेही धाकट्याकडून! त्यांनी त्याच दुपारी परिषदेत नाव नोंदवलं. मनात एकच बेत होता. भाषण संपलं की भरल्या सभेत उभं राहायचं आणि विचारायचं, "हे सगळं तू शिकलास कुणाकडून?" बस्स, एवढा एकच प्रश्न.

परिषदेच्या हॉटेलात खालच्या मजल्यावर जुगाराची यंत्रं खणखणत होती आणि गालिच्यात बूट रुतत होते. ह्यांच्या गळ्यात ओळखपत्राची पांढरी पट्टी, धाकट्याच्या गळ्यात वक्त्याची लाल. थोरल्यांना ती लाल पट्टी दिव्यांपेक्षा जास्त झोंबली.

"दादा! तुम्ही?" धाकटा गर्दीतून धावत आला. "आधी कळवायचं ना, पुढची खुर्ची ठेवली असती."

"मागून नीट दिसतं."

"बरं, रात्री जेवायला आपण दोघंच. पळून जायचं नाही हं!"

भाषण रंगलं. लोक मान डोलवत होते आणि थोरले एकेक वाक्य मनात खोडत होते. शेवटी धाकट्यानं पडद्यावर एक आलेख लावला.

"पहिली दोन वर्षं मला कुणी वाचत नव्हतं," तो म्हणाला. "फक्त एक वाचक. रोज सकाळी, त्याच गावातून, त्याच फोनवरून, शेवटच्या ओळीपर्यंत. कितीदा वाटलं, सोडून द्यावं हे लिहिणं. पण म्हटलं, उद्या सकाळी तो माणूस येईल, त्याला काय दाखवायचं? आज मी इथं उभा आहे तो त्याच्यामुळे. गाव माझ्या सासरचं आहे. माझा संशय सासूबाईंवर आहे."

सभागृह हसलं, टाळ्या वाजल्या. पडद्यावर गावाचं नाव होतं, खाली फोनची जात. तोच फोन थोरल्यांच्या खिशात होता. दुसऱ्यांच्या पानांवर कोण येतं, किती वेळ थांबतं, हे मोजून पोट भरणारा माणूस. आपणही मोजले जातोय हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

प्रश्नासाठी त्यांनी हात वर केलेला होताच. एक मुलगी माईक घेऊन आली. "बोला काका, तुमचा प्रश्न?"

"काही नाही," थोरले म्हणाले. "हात अवघडला होता."

घरी बायकोनं विचारलं, लवकर कसे आलात? ते कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, "विचारू नकोस." तिनं ते बहिणीला सांगितलं, बहिणीनं शेजारणीला, आणि तिथून पुढे नाचणारी जन्माला आली.

तशी बाई कुणी नव्हती. धाकट्यासमोर जेवायला बसायची लाज वाटली, म्हणून थोरले जावई संध्याकाळच्या गाडीनं घरी आले.