सोजरबाईंची साक्ष

नवरा वारला तेव्हा सोजरबाई विशीत होत्या. मूलबाळ नव्हतं. सासरी त्यांना कुणी जा म्हटलं नाही, पण राहा असंही म्हटलं नाही. थोरला भाऊ सर्जेराव गेला आणि त्यांना खराडीला घेऊन आला. तेव्हाची खराडी म्हणजे नदीकाठचं गाव. ज्वारी, कांदा, वांगी. माल मंडईत घालायचा आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. सोजरबाई भावाच्या रानात राबल्या. खुरपणी, काढणी, म्हशींचं सगळं, भावजयीची बाळंतपणं. पुतण्या इंद्रजीत तर त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढला.

पुढे गाव महापालिकेत गेलं आणि रानाला भाव आला. सर्जेरावानं एकेक तुकडा विकायला काढला. विकताना बहिणीची सही लागायची. सोजरबाई गाडीत बसून जायच्या, सही करायच्या, परत येऊन भाकरी थापायला बसायच्या. हक्क सोडला म्हणजे आपण काय सोडलं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. ज्यानं सांभाळलं त्याच्याकडे वाटा कोणत्या तोंडानं मागायचा, एवढंच त्या म्हणायच्या.

रानात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. इंद्रजीत शिक्षणात रमला नव्हता, पण गावातल्या बाकीच्या पोरांसारखं एक त्यानंही ओळखलं होतं. कंपनी कुठल्याही देशातली असो, तिला पाण्याचा टँकर, फरशी पुसणारी बाई आणि गेटवरचा माणूस इथूनच घ्यावा लागणार, आणि तो कुणाकडून घ्यायचा हे गाव ठरवणार. त्यानं एजन्सी काढली. एका आयटी पार्कातल्या दोन इमारतींची साफसफाई त्याच्याकडे आली. बायांवर लक्ष ठेवायला घरचं माणूस हवं होतं. शेती संपल्यावर सोजरबाईंच्या हाताला तसंही काम उरलं नव्हतं.

असं सोजरबाईंचं दुसरं आयुष्य सुरू झालं. लातूर, बीड, धाराशिवकडून आलेल्या बाया सर्जेरावानंच बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांत भाड्यानं राहायच्या, आणि काम हवं असेल तर सोजरबाईंना भेटायच्या. सगळ्या त्यांना आत्या म्हणत. कुणाला घ्यायचं, कुणाला कुठल्या मजल्यावर टाकायचं, कुणाची सुट्टी धरायची नाही, हे आत्या ठरवायच्या. जन्मभर दुसऱ्याच्या घरात पाहुण्यासारखं राहिलेल्या बाईला हे आवडलं, यात नवल नाही. त्या कडक होत्या. पण बाई आजारी पडली तर तिचा मजला स्वतः पुसून काढायच्या आणि वर कळू द्यायच्या नाहीत.

त्या बायांमध्ये विमलाबाई होती. कळंबकडची. नवरा गवंडी, पण दम्यामुळे त्याचं काम सुटलं होतं. दोघींचं कशावरून जमलं हे सांगता येणार नाही. वरच्या कॅन्टीनमध्ये बसायची मुभा नसल्यामुळे बाया तळघरात, पंपाच्या खोलीशेजारी जेवायच्या. पंप चालू झाला की बोलणं ऐकू यायचं नाही. तेवढा वेळ या दोघी एकमेकींच्या डब्यातलं खात गप्प बसायच्या, पंप थांबला की पुन्हा सुरू. विमलाबाई विनोदी होती. साहेब लोक कानात काहीतरी घालून एकटेच बोलत फिरतात, त्याची ती नक्कल करायची आणि सोजरबाईंना हसता हसता ठसका लागायचा.

कोरोनात इमारती ओस पडल्या. नंतर माणसं परतली, पण सगळी नाही. एका मोठ्या कंपनीनं अर्धे मजले सोडून दिले. लोक घरूनच काम करू लागले, आणि घरून काम करणाऱ्याचा कचरा दुसऱ्या कुणाच्या तरी इमारतीत पडतो. इमारतीची व्यवस्था बघायला मुंबईची नवी कंपनी आली. तिनं इंद्रजीतला सांगितलं, बाया कमी करा, आणि ज्या ठेवाल त्या चाळिशीच्या आतल्या ठेवा.

इंद्रजीतनं हे घरी जेवताना सोजरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, विमलाबाईला तेवढं ठेव, तिच्या एकटीवर घर चालतं.

"आत्या, मी काय करू? क्लायंटचा रूल हाय," तो म्हणाला. "आणि हे तूच सांग बायांना. मी सांगितलं तर गेटवर बसतील. तुझं ऐकतील."

सोजरबाईंनी दुसऱ्या दिवशी तळघरात सगळ्यांना बोलावून सांगितलं. काही बाया रडल्या, एकीनं शिव्या घातल्या. विमलाबाई उठली. डबा धुऊन पिशवीत घातला आणि जाताना म्हणाली, "आत्या, तुमी सांगितलं म्हून गप बसले. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर भांडले असते."

हे वाक्य सोजरबाईंच्या मनात बसलं. त्याचं काय करायचं हे मात्र त्यांना सुचलं नाही. त्या कामावर जात राहिल्या.

विमलाबाई नाक्यावर उभी राहू लागली. बायपासजवळच्या चौकात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. घमेलं, फावडं, रंगाचे डबे घेऊन माणसं कठड्याला टेकून उभी असतात. टेम्पो थांबला की सगळी तिकडे धावतात. ठेकेदार आधी तरणी पोरं उचलतो, मग धडधाकट बाया, उरलेली माणसं ऊन चढेपर्यंत थांबून घरी जातात. विमलाबाईचे गुडघे धरलेले होते, त्यामुळे ती बहुतेक वेळा उरलेल्यांत असायची. सोजरबाई कामावर जाताना तिथूनच जायच्या. पहिले काही दिवस त्यांनी रस्ता बदलून पाहिला. मग त्यांनाच त्याची लाज वाटली आणि त्या थांबून बोलू लागल्या.

एका सकाळी विमलाबाई टेम्पोत चढत होती. सोजरबाईंना पाहून तिनं हात केला.

"आज लागलं बगा काम. तुमच्याच रानातल्या बिल्डिंगीवर हाय. वाळू वर न्यायची," ती म्हणाली.

सर्जेरावाचा उरलेला शेवटचा तुकडा त्यानं विकला नव्हता. बिल्डरला दिला होता, बदल्यात तयार फ्लॅट मिळणार होते. त्या साइटवर माणसं पुरवायचं काम इंद्रजीतच्या भागीदाराकडे होतं. सोजरबाई म्हणाल्या, जपून जा. टेम्पो गेला.

दुपारी तळघरात बातमी आली. विमलाबाई लिफ्टसाठी सोडलेल्या उभ्या खड्ड्यात वरच्या मजल्यावरून पडली होती. खड्ड्याच्या तोंडाला फळी नव्हती, दोरीही नव्हती. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली.

सोजरबाई तशाच निघाल्या. साइटवर पोचेपर्यंत काम थांबलेलं होतं आणि मजूर पांगले होते. जमिनीवर पाणी मारून ठेवलं होतं. घरी आल्या तर ओसरीवर इंद्रजीत, त्याचा भागीदार आणि सर्जेराव बसलेले. त्यांचं बोलणं आधीच ठरलेलं दिसत होतं. बाई कामाला नव्हतीच. चुलीसाठी फळकुटं गोळा करायला आत शिरली आणि पडली. हजेरीला तिचं नाव नव्हतं, आणि ते खरंच होतं. नाक्यावरून आणलेल्या बाईचं नाव हजेरीला कुणीच घालत नाही.

सोजरबाई म्हणाल्या, मी तिला टेम्पोत चढताना पाहिलंय. माझ्याशी बोलली ती.

भागीदार उठून गेला. इंद्रजीत त्यांच्या जवळ येऊन बसला. त्यानं आवाज चढवला नाही. तो म्हणाला, काम बंद पडलं तर आपले फ्लॅट अडकतात. शेफाली लग्नाला आलीय. शेफाली म्हणजे त्याची मुलगी. विमलाबाईच्या नवऱ्याला आपण वाऱ्यावर सोडणार नाही, त्याचं बघू, असंही तो म्हणाला. हे सगळं खोटं नव्हतं. सोजरबाईंना ते कळत होतं, म्हणूनच त्यांना जास्त त्रास झाला.

दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच पोलीस चौकीत गेल्या. सर्जेरावाची बहीण म्हणून हवालदारानं खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांचं म्हणणं ऐकल्यावर तो म्हणाला, मावशी, घरी जाऊन विचार करा. त्या म्हणाल्या, विचार करूनच आले. तरी त्यानं लगेच लिहून घेतलं नाही. त्या बाकावर बसून राहिल्या. दुपारनंतर त्यानं कागद ओढला आणि त्यांचा जबाब लिहिला. त्यांनी सही केली. आजवर केलेल्या सह्यांमध्ये ही पहिली, जी त्यांनी आपणहून केली.

दुसऱ्याच दिवशी विमलाबाईच्या नवऱ्यानं जबाब दिला की ती लाकडं गोळा करायला गेली होती, कुणावर संशय नाही.

सोजरबाई त्याला भेटायला खोलीवर गेल्या. तो सामान बांधत होता. बोलताना त्याला धाप लागत होती.

"आत्या, माज्यावर रागवू नका," तो म्हणाला. "ती तर गेली. मला औषध लागतंय, गावाकडं घरावर पत्रा न्हाई. केस लढायला मी इतकं जगणार हाय का?"

सोजरबाई म्हणाल्या, रागवले नाही. आणि त्या खरंच रागावल्या नव्हत्या. त्यांनी त्याला भांडी गोणीत भरायला मदत केली. विमलाबाईचा जेवणाचा डबाही त्यात गेला. तो माणूस संध्याकाळच्या गाडीनं कळंबला निघून गेला.

साइट थोडे दिवस बंद राहिली आणि पुन्हा सुरू झाली. लिफ्टच्या खड्ड्यांना फळ्या ठोकल्या गेल्या. जबाबानं झालं ते एवढंच.

घरात सोजरबाईंना कुणी वाईट बोललं नाही. भावजय ताट वाढून ठेवायची आणि आत निघून जायची. कामावर दुसरी सुपरवायझर आली. इंद्रजीत म्हणाला, आत्या, आता आराम कर, वय झालं. सोजरबाईंना आराम कसा करतात ते ठाऊक नव्हतं. त्यांनी शेजारच्या इमारतीत विचारलं, सोसायट्यांमध्ये विचारलं, पोळ्या करायलाही तयार झाल्या. सगळीकडे त्यांना बसायला सांगत, पाणी देत, आणि इंद्रजीतदादांना विचारून सांगतो म्हणत. शेवटी त्या नाक्यावर जाऊन उभ्या राहिल्या. ठेकेदार त्यांना ओळखत होते. त्यांची नजर सोजरबाईंच्या अलीकडेच थांबायची. पलीकडच्या बायाही थोड्या सरकून उभ्या राहायच्या.

चौथ्या-पाचव्या दिवशी इंद्रजीतची मोठी गाडी चौकात थांबली. काच खाली झाली.

"आत्या, गाडीत बस. लोक बघतायत."

"बघू दे की," सोजरबाई म्हणाल्या. "काम मागतेय. चोरी न्हाई केली."

गाडी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मागून हॉर्न वाजू लागले तेव्हा गेली.

त्यानंतर खराडीत राहण्यात अर्थ नव्हता. एका सकाळी त्यांनी दोन लुगडी पिशवीत घातली, भावाच्या पाया पडल्या आणि स्वारगेटची बस धरली. मंडईचा भाग त्यांना पूर्वीपासून माहीत होता. काम विचारत विचारत त्या नारायण पेठेत सुनीतीबाईंच्या खाणावळीत पोचल्या. सुनीतीबाईंचे यजमान छापखान्यात कारकून होते. छापखाना बंद झाल्यावर बाईंनी घराच्या पुढच्या दोन खोल्यांत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी खाणावळ काढली होती.

"खराडीहून?" सुनीतीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, खराडीचे लोक इथे वाडे विकत घ्यायला येतात. आपण भाकऱ्या करायला आलात?"

सोजरबाई म्हणाल्या, हो. सुनीतीबाईंनी पुढे काही विचारलं नाही, परात पुढे केली. सोजरबाई तिथेच राहिल्या. झोपायला स्वयंपाकघरामागची पडवी मिळाली. जेवायला येणारी मुलं बीड-लातूरकडची, विमलाबाईच्याच भागातली. कुणाची भरतीची जाहिरात निघाली नव्हती, कुणाची परीक्षा पुढे गेली होती. काही जण तिशीला टेकले होते आणि घरी खोटं सांगत होते. वाढताना सोजरबाई त्यांना गाव विचारायच्या. कळंब कुणी म्हटलं, तर भाकरी न विचारता वाढायच्या.

वर्ष उलटल्यावर सर्जेराव आला. बसनं आला होता. पायरीवर बसला, घाम पुसला. बहिणीनं पाणी दिलं. तो म्हणाला, सोजे, पोरीचं लग्न ठरलंय. तुझ्याशिवाय कसं व्हायचं. घरी चल. हातात लग्नपत्रिका होती.

सोजरबाईंचे डोळे भरून आले. शेफालीला त्यांनीच न्हाऊ-माखू घातलं होतं.

"येते," त्या म्हणाल्या. "पण दादा, एक सांग. विमलाबाई त्या दिवशी कामाला आलीवती का न्हाई?"

सर्जेराव रस्त्याकडे बघत राहिला.

"आता ते उकरून काय मिळणार हाय," तो म्हणाला.

"मला काय मिळवायचं न्हाई. तू माझ्यापुढं एकदा म्हण. एवढंच."

आतून सुनीतीबाईंची हाक आली, मुलं बसली होती. सोजरबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. भाऊ बोलला नाही. मग त्या आत गेल्या. तव्यावर भाकरी टाकून त्यांनी दाराकडे पाहिलं, तेव्हा तो पायरीवरून उठत होता. पत्रिका त्यानं परत खिशात घातली आणि उन्हात चालू लागला.

लग्न ठरल्या दिवशी झालं. सोजरबाई गेल्या नाहीत. त्या दिवशी खाणावळ नेहमीसारखीच चालू होती.